नालेदीचं आकाश उलटं टांगलंय

नालेदी गेल्याची बातमी मला आमच्या जुन्या चाळीच्या ग्रुपवर कळली. शाळेत सातवीच्या चित्रकलेच्या वह्या तपासत बसले होते, फोन वाजला. वर कुणीतरी टाकलेलं गुलाबाचं फूल आणि सुविचार, खाली गच्चीवर वाळत घातलेली गोधडी कुणाची याची चौकशी, आणि मधे हा मजकूर : 'आपल्या चाळीतील आफ्रिकन मॅडम काल एक्सपायर झाल्या आहेत. पाण्याची टाकी धुण्याचे काम ठरल्याप्रमाणे होईल, याची नोंद घ्यावी.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. एकानं तर टाकीसाठी अंगठा वर केला होता आणि मॅडमसाठी हात जोडले होते, एकाच ओळीत. सतरा वर्षं ती त्या चाळीत राहिली. चौथ्या मजल्यावरच्या माणसांच्या पोरांना तिनं उभी रेघ, आडवी रेघ शिकवली. पण तिचं नाव लिहिण्याची तसदी कुणी घेतली नाही... मला रडू आलं नाही. मला किळस आली. आता दीड महिना होऊन गेला तरी ती किळस तोंडातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. पुरवणीत असे लेख येतात तेव्हा गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं. नालेदी गोड होतीच. तिच्याभोवतीचे आम्ही कसे होतो ते सांगायचं आहे.

ती बोत्स्वानाची. आफ्रिकेच्या दक्षिणेला, अर्ध्याहून अधिक वाळवंट असलेला देश. तिच्या भाषेत नालेदी म्हणजे तारा. शिष्यवृत्ती मिळवून मुंबईत चित्रकला शिकायला आली आणि इथलीच झाली. माझी तिची पहिली गाठ गिरगावातल्या एका दुकानात पडली. पूजेचं सामान आणि काष्ठौषधी विकणारं जुनं दुकान. मी शाळेच्या रांगोळीसाठी गेरू घ्यायला गेले होते. शेजारी एक उंच, काळी, तुळतुळीत डोक्याची मुलगी उभी. तिनं पोत्यातला चिमूटभर गेरू उचलला, अंगठ्याच्या नखावर चोळला, आणि चक्क जिभेला लावला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "घेऊ नका. यात विटेचा चुरा आहे. खरा गेरू दाताखाली करकरत नाही."

दुकानदार खेकसला, "ए, हात नको लावू मालाला!" मी त्याच पोत्यात कोपरापर्यंत हात घालून उभी होते. मला तो काही बोलला नाही. ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानातही आली नाही, खरं सांगते. मला गंमत वाटली ती गेरू चाखणाऱ्या मुलीची. आम्ही दोघी तिथून निघालो आणि भुलेश्वरपर्यंत खरा गेरू शोधत पायपीट केली. चार दुकानांत तिनं गेरू चाखला. पाचव्या दुकानात तिनं डोळे मिटले, आणि तिची जीभ तांबडीलाल झालेली मला दिसली. म्हणाली, "हा. हा माझ्या मामाच्या टेकडीसारखा लागतो."

तिला हॉस्टेल सोडावं लागणार होतं आणि जागा मिळत नव्हती. मी तिच्याबरोबर आठ-नऊ ठिकाणी गेले असेन. फोनवर मी बोलायचे तेव्हा जागा असायची, दारात ती दिसली की जागा गेलेली असायची. दादरला एका इमारतीत सेक्रेटरी म्हणाले, "तसं आमचं काही नाही हो, पण सोसायटीत लहान मुलं आहेत." जणू ती मुलं खाते! परळला एका बाईंनी दार लावून घेतल्यावर आतून उदबत्तीचा वास आला. शेवटी घोडपदेवच्या आमच्या चाळीत, माझ्या बिऱ्हाडाशेजारची माझ्या मावशीची खोली मी तिला मिळवून दिली. मावशी कुडाळला असायची, तिला फक्त खोली बंद राहू नये एवढंच हवं होतं. तिच्या पलीकडच्या खोलीत सावंत काकी. काकींचे यजमान गिरणीत होते, गिरणी गेली, मग तेही गेले. काकी एकट्या. पहिल्या दिवशी त्या कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या, नालेदीला आपादमस्तक बघितलं आणि मला विचारलं, "गो शैला, ह्या मासे खाता मा?" खाते म्हटल्यावर काकींचा प्रश्न मिटला. महिन्याभरात नालेदीची 'नलू' झाली, आणि वर्षभरात ती काकींच्याच मालवणीत काकींशी भांडायला लागली.

तिची चित्रं मला आधी कळली नाहीत. मी चित्रकलेची शिक्षिका, तरी कळली नाहीत. तिच्या देशात त्सोदिलो नावाच्या टेकड्या आहेत. तिथल्या कातळांवर हजारो वर्षांपूर्वी कुणी गेरूनं काढलेली जनावरं आहेत... गेंडे, जिराफ, मोठी हरणं. तिचे मामा तिथे पर्यटकांना वाट दाखवायचं काम करत. लहानपणी ती त्यांच्याबरोबर हिंडायची. परदेशी पाहुणे यायचे, फोटोत रंग उठून दिसावा म्हणून कातळावर पाणी मारायचे. पाणी संपलं की हातातलं कोल्ड्रिंक ओतायचे. "मामा काही बोलायचे नाहीत," ती सांगायची. "ते लोक गेले की खिशातून रुमाल काढून टिपून घ्यायचे. पुसायचे नाहीत हं. पुसलं की हरीण जातं. टिपायचं." हे सांगताना ती स्वतःचा तळवा हळूच दाबून दाखवायची, भिंतीवर, कुठेही.

आजच्या आफ्रिकेतली बरीच चित्रकार मंडळी अशीच त्या कातळांकडे आणि आकाशाकडे वळलेली आहेत, हे मला तिच्यामुळे कळलं. तिची एक मैत्रीण वाळवंटातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींनी टिपलेल्या आवाजांवरून गालिचे विणायची. दुसरा एक जण नुसती राख आणि शेण घेऊन ग्रहणं काढायचा. रात्र रात्र त्यांची फोनवर वादावादी चालायची. नालेदी मात्र तारे आणि कातळावरची जनावरं एकाच कापडावर आणायची. कॅनव्हास नाही, मांजरपाट. रंग सगळे घरचे : गेरू, चुना, कोळसा, आणि ते बांधायला अंड्यातला बलक. आकाशगंगेसाठी राख. तिच्याकडे एक गोष्ट होती... फार पूर्वी एका मुलीनं चुलीतली मूठभर राख आकाशात भिरकावली, अंधारात शिकाऱ्यांना घरची वाट दिसावी म्हणून. तीच आकाशगंगा. म्हणून दर धुळवडीला सकाळी, पोरं रंग खेळत असताना, ही चाळीच्या होळीची राख चाळणीनं चाळून डालड्याच्या डब्यात भरत बसलेली असायची. "तुमच्याकडे वर्षातून एकदा आकाशगंगा फुकट मिळते," असं म्हणायची.

आता एका चित्रांच्या गॅलरीवाल्यांबद्दल. फोर्टात यांची गॅलरी आहे. नाव लिहीत नाही, लिहिलं तर त्यांना आनंद होईल. नालेदीनं तिथे पहिल्यांदा चित्रं नेली तेव्हा मी सोबत होते. गृहस्थांनी उभ्या उभ्या सात-आठ कापडं बघितली आणि म्हणाले, "व्हेरी नाइस. पण आफ्रिका कुठाय यात? मास्क वगैरे... ढोल, नाचणाऱ्या बायका? लोकांना काहीतरी प्रिमिटिव्ह अपेक्षित असतं." नालेदी शांतपणे म्हणाली, "त्या कातळावर ज्यानं बोट ठेवलं, तो त्या दिवशी माझ्याइतकाच आजचा माणूस होता." त्यांनी हे वाक्य लगेच फोनमध्ये टिपून घेतलं. चित्रं परत केली. वाक्य ठेवून घेतलं.

एका जानेवारीत आम्ही दोघी गच्चीवर पापड काढायला गेलो होतो. नुकतं अंधारलेलं. पूर्वेला मृग नक्षत्र वर आलं होतं. मुंबईत दिसतं तेवढंच, पण दिसत होतं. मी तिला आमची गोष्ट सांगितली : हे चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, तो मागचा लखलखीत तारा म्हणजे व्याध, आणि हे मधले तीन सरळ रेषेतले तारे म्हणजे व्याधानं मारलेला बाण. हरणाच्या पोटात घुसलेला. ती हातात पापडांची चवड धरून माझ्याकडे बघतच राहिली.

"लागला?" तिनं विचारलं.

"लागला म्हणजे? दिसतोय ना रुतलेला."

"आमच्याकडे चुकला," ती म्हणाली.

मग तिनं तिच्या आईच्या माणसांची, वाळवंटाकडची गोष्ट सांगितली. ते मधले तीन तारे म्हणजे तीन झेब्रे. शिकाऱ्याच्या बायकांनी त्याला बजावलं होतं, शिकार घेतल्याशिवाय घरी येऊ नकोस. त्यानं बाण मारला, चुकला. बाण झेब्र्यांच्या पलीकडे जाऊन पडला. तिकडे सिंह बसलेला, त्यामुळे बाण आणायला जाता येत नाही. बायकांना तोंड कसं दाखवणार, म्हणून घरी जाता येत नाही. तेव्हापासून तो थंडीत तिथेच बसलाय. आणि तिच्याकडून बघितलं की हे सगळं नक्षत्र आपल्या उलट दिसतं, खालचं वर आणि वरचं खाली, कारण तिचा देश पृथ्वीच्या दुसऱ्या अर्ध्यात. हे सांगताना ती कमरेत वाकली आणि पायांतून उलटं आकाश बघायला लागली. म्हणाली, "हां, आता बरोबर!" मीही वाकले. दोन बाया गच्चीवर ओणव्या होऊन आकाश बघतायत... काकी जिन्यातून वर आल्या आणि कपाळावर हात मारून परत गेल्या.

आता जे सांगायचं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी आमच्या भागात गर्द विकणारी एक टोळी पकडली गेली. त्यात कुणी परदेशी असल्याची आवई उठली. कुठल्या देशाचा, खरंच होता की नव्हता, कुणी विचारलं नाही. चार दिवसांनी दुपारी साध्या कपड्यांतले दोन पोलीस आणि एक वर्दीतला चाळीत आले. कुणीतरी नालेदीविरुद्ध अर्ज दिला होता, तो त्यांच्या हातात होता. खाली किती सह्या होत्या ते मला माहीत नाही, पण ज्या वहीच्या कागदावर तो लिहिला होता ती वही चाळीच्या गणपतीच्या वर्गणीची होती, हे मी ओळखलं. त्यांनी नालेदीची खोली उपसली. टेबलावर कागदाच्या पुड्या : लाल, पांढरी, काळी. आणि डालड्याचा डबा.

"ही कसली पावडर?"

"होळीची राख," नालेदी मराठीत म्हणाली.

वर्दीतला हसला. "ऐकलं का साहेब, हिला होळी पण माहितीय."

चाळीची सगळी गॅलरी माणसांनी भरली होती. तिच्याकडून चित्रकला शिकलेल्या पोरांचे आईबाप कठड्याला टेकून बघत होते, नळावरचं भांडण बघावं तसे. मग साध्या कपड्यांतल्या साहेबांनी मला विचारलं, कारण मी शेजारच्याच दारात उभी होते, "बाई, तुम्ही शिक्षिका ना? तुमची काय ओळख हिच्याशी?"

माझ्या मुलाचे, निखिलचे, जर्मनीला जायचे कागद तेव्हा अडकलेले होते. त्याच पोलीस ठाण्यात त्याची चौकशी व्हायची होती. शाळेत नव्या मुख्याध्यापक बाई आलेल्या. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं, असं मी नंतर स्वतःला पटवलं. खरं म्हणजे काहीच आलं नाही. नुसती भीती होती. मी म्हणाले, "ओळख अशी नाही. येता-जाता बघते, तेवढंच."

नालेदी माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. तिला मराठी उत्तम कळत होतं.

त्याच वेळी आपल्या दारातून सावंत काकी पुढे आल्या. त्या बाईंना वर्दीची भीती माझ्यापेक्षा जास्त. संपाच्या दिवसांत त्यांनी लाठ्या बघितलेल्या. पण त्या सरळ जाऊन नालेदीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ता माझा चेडू आसा. काय इचारूचा ता माका इचारा."

"तुमची मुलगी? ही?" वर्दीतला पुन्हा हसला. गॅलरीतलेही चारदोन जण हसले. मी हसले नाही. पण मी बोललेही नाही.

पोलिसांनी तपासायला नेलेलं तिचं सामान अकरा दिवसांनी परत आलं. तपासात काही निघालं नव्हतं, निघणारच नव्हतं. दिलगिरी वगैरे कुणी म्हणालं नाही. गेरू, चुना, कोळसा आणि राख, सगळं एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ओतून दिलं होतं. वर्षानुवर्षं निवडून, चाखून, चाळून वेगळे ठेवलेले रंग. काकी त्या पिशवीकडे बघून रडल्या. नालेदीनं पिशवीत हात घातला, मूठ उघडली, उजेडात धरली. जखमेवर खपली धरते ना, तसा रंग झाला होता. धड तांबडा नाही, धड करडा नाही. मग ती म्हणाली, "काकी, अंडी आसत?"

त्या एका रंगात तिनं तिचं सगळ्यात मोठं चित्र केलं. पाच फूट बाय सात फूट मांजरपाट जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर बसून, तीन आठवडे. तिच्याकडचं आकाश, म्हणजे आपल्या दृष्टीनं उलटं मृग. त्याच्याखाली शांत चरणारे तीन झेब्रे, कातळावरच्या जनावरांसारखे लांबट, हलके. पलीकडे गवतात पडलेला बाण. आणि एका कोपऱ्यात पाठमोरा बसलेला शिकारी, गुडघ्यांत डोकं घातलेला. त्या तीन आठवड्यांत मी तिच्या खोलीत गेले नाही. तिनं मला बोलावलंही नाही, टाळलंही नाही. जिन्यात भेटली की "शाळा सुटली?" विचारायची, नेहमीसारखं. तिनं एकदा तरी माझ्या अंगावर ओरडावं म्हणून मी जिन्यात मुद्दाम रेंगाळायचे. चित्र पूर्ण झालं त्या दिवशी तिनं हाक मारली. मी दारात उभी राहून बघितलं. बघवत नव्हतं, तरी बघितलं.

ती ब्रश धूत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो शिकारी वाईट नाही, शैला. त्याला घरी जायचंय फक्त."

मी तेव्हा तिची माफी मागायला हवी होती. मी म्हणाले, "छान झालंय गं, प्रमाणं छान साधली आहेत." बाई म्हणून एखाद्या विद्यार्थिनीला म्हणावं तसं. पुढे निखिल जर्मनीला गेला, मी दादरला राहायला आले. येणं-जाणं राहिलं, हसणं-बोलणं राहिलं. काकींकडे तिघी मिळून कितीदा जेवलो. पण ते शब्द मी कधी उच्चारले नाहीत आणि तिनंही कधी वाट बघत असल्याचं दाखवलं नाही. मला वाटायचं, वेळ आहे... वेळ नव्हता. एका सकाळी मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती नळावरच कोसळली. बेचाळीस वर्षांची होती. काकींनी मला फोन करायचा सोडून आधी तिचं डोकं मांडीवर घेतलं, मग तिच्याबरोबर रुग्णवाहिकेत बसल्या आणि फोन घरी राहिला. म्हणून मला ग्रुपवर कळलं.

रुग्णालयात कागद भरायचे होते. तिचा भाऊ बोत्स्वानाहून फोनवर होता, रडत होता, त्याला काही समजत नव्हतं. एका रकान्यात लिहिलं होतं : मृताशी नातं. मी पेन घेतलं आणि लिहिलं, 'मैत्रीण'. खिडकीतल्या माणसानं कागद परत सरकवला. "मैत्रीण चालत नाही मॅडम. रक्ताचं कोणी असेल तर सांगा, नाहीतर 'काही नाही' लिहा." सहा वर्षांपूर्वी मला खरं बोलायची मुभा होती तेव्हा मी खोटं बोलले. आता खरं लिहिलं तर ते चालत नव्हतं. तिचं शरीर शेवटी विमानानं मायदेशी गेलं, मालाच्या खिडकीतून, वजन करून. काकींनी पेटीत खोबऱ्याची वाटी ठेवायचा हट्ट धरला. ती काढून टाकण्यात आली.

आणि मग ती शोकसभा. तीच फोर्टातली गॅलरी. गेल्या वर्षी त्यांनी अखेर नालेदीची काही चित्रं ठेवून घेतली होती, कारण मधल्या काळात परदेशात आफ्रिकेतल्या चित्रांना मागणी आली होती. त्यात हे मोठं चित्रही होतं. काकींना घेऊन मी गेले. दारातच ढोलांचं संगीत लावलेलं. कुठल्या देशाचं कोण जाणे, तिच्या तर नक्कीच नाही. पोरं ट्रेमधून काड्यांना टोचलेलं पनीर फिरवत होती. बायका केसांत रंगीत मणी घालून आल्या होत्या, 'थीम' म्हणून. गेलेल्या माणसाच्या सभेला थीम! समोरच्या भिंतीवर, खास दिव्याखाली, ते चित्र.

काकी थांबल्या. माझा दंड धरला. "गो शैला, जनावरां उताणी पडली हत."

चित्र उलटं टांगलं होतं. तिन्ही झेब्र्यांचे पाय आकाशाकडे. शिकारी वरून खाली लोंबकळणारा. मी त्या गृहस्थांना गाठलं. ते मुळीच ओशाळले नाहीत. "अहो, मुद्दाम फिरवलंय. असं लावल्यावर मृग नक्षत्र पटकन ओळखू येतं. आपल्या लोकांना रिलेट व्हायला नको? आणि तसं ते ॲब्स्ट्रॅक्टच आहे ना."

त्यांनीच थोड्या वेळानं माझ्या हातात माइक दिला. "जवळच्या मैत्रीण आहेत, दोन शब्द बोलतील." मी म्हणाले, "हे चित्र उलटं आहे. कृपया सरळ करा." टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, मी काहीतरी काव्यमय बोलतेय. मग माझा ताबा सुटला. मी सगळं सांगितलं. पोलीस, पुड्या, चाळीच्या गॅलरीतली माणसं, आणि मी काय म्हणाले ते, शब्दन् शब्द. सांगून संपलं तेव्हा मला वाटलं, आता कुणीतरी तोंड फिरवेल, कुणीतरी उठून जाईल. ते माझ्या वाट्याचं होतं, मला हवं होतं. पण पुन्हा टाळ्या पडल्या. पहिल्यापेक्षा मोठ्या. मण्यांवाल्या एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सो ऑनेस्ट! किती धीर लागतो याला." त्यांच्या हातात पनीरची काडी होती, तिचं तेल माझ्या हाताला लागलं.

काकी म्हणाल्या, "चल घराक. हयसर वास येता."

ते चित्र विकलं गेलं, आता परळच्या एका नव्या टॉवरच्या लॉबीत आहे. मी जाऊन आले. काचेतून दिसतं. आत सोडत नाहीत. उलटंच आहे. सोसायटीला मी दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. हा लेख वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या इमारतीत राहत असेल, तर त्याच्यासाठी सांगते : लिफ्टच्या डाव्या हाताला, खपलीच्या रंगाचं मोठं कापड. मागे दोन हुक आहेत. दोन माणसांनी मिळून दहा मिनिटांत सरळ होईल. जनावरांचे पाय खाली आले पाहिजेत, एवढं बघा. काही पुसू नका.

परवा संध्याकाळी काकींकडे गेले होते. त्या गॅलरीत स्टुलावर बसून पश्चिमेकडे बघत होत्या. गॅसवर भाताचं पातेलं, तांदूळ धुऊन ठेवलेले, पण गॅस बंद. मला भूक लागली होती. म्हटलं, लावू का भात? "थांब वायच," काकी म्हणाल्या. मग मला कळलं की हे रोजचं आहे, कित्येक वर्षांचं, आणि मलाच माहीत नव्हतं. दिवस मावळल्यावर पश्चिमेला शुक्र दिसतो ना, त्याला नालेदीच्या भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थ 'जेवण मागणारा'. तो दिसला की तिची आई चूल पेटवायची. काकींना ते फार पटलं होतं. शुक्र संध्याकाळचा दिसतो त्या महिन्यांत दोघी गॅलरीत येऊन त्याची वाट बघायच्या, तो दोन टॉवरांच्या फटीत दिसला की काकी म्हणायच्या, "इलो गो जेवण मागणारो," आणि भात लावायच्या.

परवा ढग होते. सात वाजले, सव्वासात झाले. फटीत नुसता करडा उजेड. खाली कुणीतरी टाकी धुण्यावरून भांडत होतं. मी म्हटलं, "काकी, आज नाही दिसायचा तो."

"दिसात," काकी म्हणाल्या. "भुकेलो आसतलो."

मी दुसरं स्टूल ओढून घेतलं आणि त्यांच्या शेजारी बसले.